नवव्या मताची ओटी

माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या उन्हाळ्यात माझ्याशी सलग अकरा दिवस अबोला धरला होता आणि त्याला कारण झाला एक नारळ. तो मीच दुबईतल्या करामाच्या बाजारातून आणलेला, कानाशी हलवून, आत पाणी वाजतंय ना याची खात्री करून. तोच नारळ पुढे इंग्लंडमधल्या एका गावात, विरोधी पक्षाच्या बैठकीत टेबलावर जाऊन बसेल असं मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आम्ही दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहतो. नवरा जबल अलीला एका गोदाम कंपनीत, मी इथेच दोन टॉवर सोडून एका ऑफिसात एचआरला, आणि मुलगी अकरावीत. बहीण इंग्लंडमध्ये. तिचं औषधांचं दुकान आहे आणि ती तिथल्या काउन्सिलमध्ये नगरसेविका आहे. ही जागा आधी तिच्या नवऱ्याची होती. भला माणूस, पावसात भिजत दारोदार पत्रकं वाटायचा. पाच वर्षांपूर्वी तो अचानक गेला आणि पक्षाने रिकाम्या जागेवर हिला उभं केलं. सहानुभूतीवर निवडून आली असं लोक म्हणाले. मग हिने शाळेसमोरचा रस्ता ओलांडायला दिवे बसवून घेतले, बंद पडलेली बस परत सुरू करून घेतली, आणि पुढच्या वेळी सहानुभूतीचं नाव कोणी काढलं नाही.

पण पक्षाचं काही खरं नव्हतं. वर्षानुवर्षं सत्ता भोगलेला तो पक्ष आता विरोधात बसला होता आणि तिथेही त्याला धड बसता येईना. उजवीकडून एक नवा पक्ष येऊन त्याची मतं खात होता. निम्म्या लोकांचं म्हणणं, आपणही त्यांच्यासारखंच बोलू, जमलं तर हातमिळवणी करू. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, तसं केलं तर आपली गरजच काय उरली? आमच्या ऑफिसातले इंग्रज साहेब त्याच पक्षाचे. पॅन्ट्रीत कॉफी करताना ते रोज मान हलवून म्हणायचे, ‘वी आर फिनिश्ड.’ आणि मी, जिला स्वतःच्या बिल्डिंगच्या कमिटीत कोण आहे ते ठाऊक नाही, त्यांना त्यांच्या देशातल्या कुठल्या वॉर्डात काय चाललंय ते सांगायचे.

मेमध्ये निवडणूक झाली. बहीण थोडक्यात वाचली, पण गटातली अर्ध्याहून जास्त माणसं पडली. उरले नऊ. त्या नवांनी आपला गटनेता निवडायचा होता. बहीण उभी राहिली. समोर एक इस्टेट एजंट होता, नव्या पक्षाशी जुळवून घ्या म्हणणारा. हरलो तर माझी माणसं घेऊन सरळ तिकडे जातो, असं तो उघड सांगत होता. चार त्याच्याकडे, हिला धरून चार हिच्याकडे. नववं मत एका वयस्कर बाईंचं. त्या पूर्वी गावच्या लायब्ररीत होत्या. त्या म्हणायच्या, मी अजून ठरवलेलं नाही.

‘ताई, ऐक,’ बहिणीचा फोन आला. ‘त्या बाई नेक्स्ट वीक दुबईला येतायत. त्यांचा मुलगा मरीनाला राहतो, नातू झालाय. तुझ्यापासून एक ट्रॅम स्टॉप. मी त्यांना तुझा नंबर दिलाय. चहाला बोलव. पण प्लीज, इलेक्शनबद्दल एक शब्द काढू नकोस. एकसुद्धा नाही.’

‘मी कशाला काढतेय?’

‘तू काढशील. मी ओळखते तुला.’

फाटाफुटीच्या बाबतीत आम्हा महाराष्ट्राच्या माणसांना कोणी शिकवायला नको. खरा पक्ष कोणाचा, चिन्ह कोणाचं, कोण रात्रीतून कुठे गेलं, हे सगळं आम्ही पाहून बसलोय. नवरा जेवताना म्हणाला, ‘सोपंय. बाईंना इथेच एखाद्या बीच रिसॉर्टवर ठेवून घे. फोन काढून घ्यायचा, रोज बुफे द्यायचा आणि मतदानाच्या दिवशी सकाळी विमानात बसवायचं.’

‘डॅड, दॅट्स किडनॅपिंग,’ मुलगी म्हणाली.

‘नाही बेटा, आपल्याकडे त्याला अभ्यास दौरा म्हणतात.’

बाई आल्या त्या शुक्रवारी दुपारी. मी चहाला बोलावलं होतं, पण माझ्याकडे नुसता चहा कधीच होत नाही. वरण, भात, तूप, बटाट्याची भाजी, कोथिंबीर वडी, श्रीखंड. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, उन्हाने लाल झालेल्या. त्यांनी वडी हातात धरून नीट पाहिली आणि मग एकामागून एक पाच खाल्ल्या. मला तेवढ्यावरच त्या आवडल्या.

तीन तास बसल्या. लायब्ररीबद्दल बोलल्या, नातवाबद्दल बोलल्या, आपल्या यजमानांबद्दल बोलल्या. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेही पक्षाचेच. मोजे भिजेपर्यंत पत्रकं वाटायचे, असं म्हणून त्या हसल्या आणि मग जरा वेळ बाहेर तलावाकडे बघत राहिल्या. माझ्या मेव्हण्याची त्यांना आठवण होती. ‘ते दोघं रविवारी जोडीने निघायचे,’ म्हणाल्या. मी त्यांना आणखी श्रीखंड वाढलं. निवडणुकीचा विषय माझ्या जिभेवर तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो गिळला. इतका संयम मी पगारवाढ मागतानासुद्धा पाळलेला नाही.

आणि मग त्या निघाल्या. चपला घालत होत्या, मुलीने टॅक्सी बुक केली होती, आणि मी म्हणाले, ‘वन मिनिट!’

आमच्या आईची सवय. पुण्याच्या घरातून बाई निघाली की ती मोकळ्या हाताने निघायची नाही. मी धावत आत गेले. हळदीकुंकवाचा करंडा घेतला, त्यांच्या कपाळाला लावलं. मी खूण केली तसा त्यांनी अंगातला पातळ स्वेटर पुढे धरला आणि मी त्यात त्यांची ओटी भरली. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, कपाटात होता तो हिरवा खण, नारळ आणि वर एक रुपया. ओटीसाठी म्हणून मी भारतातून सुटे रुपये आणून एका डबीत ठेवते, इथलं नाणं मला ओटीत बरं वाटत नाही. बाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, माहेरची बाई निघते तेव्हा आम्ही असं करतो. त्यांचे डोळे भरून आले. मुलीने फोटो काढला आणि त्यांच्या फोनवर पाठवला. टॅक्सीवाला खालून फोन करत होता, ‘मॅडम, यल्ला, जल्दी, इधर पार्किंग नहीं है.’

मला इतकं छान वाटत होतं. मी बहिणीला लिहिलं, मिशन सक्सेसफुल, एक शब्द काढला नाही.

मग मंगळवारी सकाळी दहाला तिचा फोन. इंग्लंडात तेव्हा सात. तिने हॅलो म्हटलं नाही.

‘ताई, तू तिची ओटी भरलीस?’

‘हो. का गं?’

‘तिची? ओटी?’

‘अगं, निघाल्या तर काय तशाच पाठवू?’

ती भडकली ती भडकलीच. बाईंनी आदल्या दिवशी तो फोटो वॉर्डच्या फेसबुक पानावर टाकला होता, खाली लिहून, की माझ्या सहकारी नगरसेविकेच्या कुटुंबाने माझं असं मायेने स्वागत केलं. इस्टेट एजंटाने फोटो मोठा करून पाहिला. नारळावर नाणं दिसत होतं. रात्रीतच त्याने पक्षाकडे तक्रार केली, की उमेदवाराच्या नातेवाइकाने परदेशात एका मतदाराला भेटवस्तू आणि रोख रक्कम दिली.

‘रोख? अगं, एक रुपया!’

‘कॅश इज कॅश, ताई! तुला कळतंय का? इथे चहाच्या कपाच्या वरचं काही घेतलं तर लोक विचारतात. मला डिस्क्वालिफाय करतील. त्याला हेच हवं होतं. तुला मी एकच गोष्ट सांगितली होती.’

‘बोलू नकोस म्हणाली होतीस. ओटीचं कुठे म्हणालीस?’

‘ओटीचं मी काय म्हणणार, ताई?’ ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. ‘तिचा नवरा नाहीये, हे तुला माहीत होतं ना?’

‘हो, बोलल्या ना त्या. पण त्याचं काय इथे?’

तिने फोन ठेवला.

मग अकरा दिवस काही नाही. फक्त एक मेसेज आला, इंग्रजीत, जणू मी कुठली तरी सरकारी कचेरी आहे. ओटीत काय काय होतं त्याची यादी पाठव, किमतीसकट. मी पाठवली. नारळ एक, तांदूळ मूठभर, सुपारी एक, हळकुंड एक, खण एक, रुपया एक. खणाची किंमत मला खरंच ठाऊक नव्हती, तो मलाच कोणी तरी ओटीत दिलेला. तसं लिहिलं.

त्या दिवसांत माझं कशात लक्ष लागेना. ऑफिसात दोन माणसांच्या व्हिसाचे कागद मी एकमेकांच्या फायलीत लावले. रोज सकाळी ते वॉर्डचं पान उघडून बघायचे. फोटोखाली कोणी लिहिलेलं, किती गोड प्रथा. कोणी लिहिलेलं, ह्या पक्षात आता मत नारळाला मिळतं. मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग त्या एजंटाचा, आणि थोडा बहिणीचाही. एवढं काय, असं मनात यायचं. मी काय कोणाला विकत घ्यायला गेले होते?

‘अगं, तिला कळतंय की तुझा हेतू वाईट नव्हता,’ नवरा म्हणाला. ‘टेन्शन आहे तिला. सभा होऊ दे.’

‘ती हरली तर?’

‘हरली तर हरली. त्या पक्षाचा गटनेता होणं म्हणजे काही लॉटरी नाही. पुढच्या निवडणुकीत तो पक्ष राहतो का तेच बघायचं.’

त्याचं म्हणणं खरं होतं, पण मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. मेव्हणा गेल्यावर माझी बहीण उभी राहिली ती या कामाच्या आधारावर, हे मला माहीत होतं. ते माझ्या नारळाने जाणार असेल तर मी तिला तोंड कसं दाखवणार?

सभा शनिवारी सकाळी होती, म्हणजे आमची दुपार. आम्ही जेवायला बसलो होतो. मी आमटी वाढता वाढता दोनदा सांडली. अडीच वाजता फोन वाजला. स्क्रीनवर तिचं नाव होतं. मुलीने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

‘ताई,’ ती म्हणाली. ‘झाले मी.’

नवरा म्हणाला, ‘अभिनंदन, गटनेत्या!’ मुलगी ओरडली. मला हायसं वाटलं. अकरा दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कोणी तरी उचलून बाजूला केल्यासारखं वाटलं, आणि मग मी रडले ती पोटभर रडले.

‘ऐक तरी आधी,’ ती म्हणाली. ‘काय झालं ते ऐक.’

तर झालं असं. तक्रार सभेत वाचून दाखवली. बहिणीने यादी वाचली. रुपयापर्यंत आल्यावर कोणी तरी विचारलं, त्याचे इथे किती होतात? कोणी तरी हिशेब केला आणि म्हणालं, एक पेनीच्या आसपास. दोघं-तिघं हसले. एजंट हसला नाही. तो म्हणाला, प्रश्न किमतीचा नाही, तत्त्वाचा आहे. तेव्हा त्या बाई उठल्या. पिशवीतून नारळ काढला. तो त्यांनी दुबईहून सामानात घालून नेला होता. टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हणाल्या, ‘हे बरोबर आहे. मी वस्तू घेतली. घेतली नसती तरी मी हिलाच मत दिलं असतं का, हे आता मलाही सांगता येणार नाही. म्हणून मी मत देणार नाही.’

‘म्हणजे?’ मी म्हणाले.

‘म्हणजे चार-चार. मी हरलेच असं वाटलं, ताई. मी मनात तुला किती शिव्या दिल्या ते सांगत नाही.’

‘दे गं, बिनधास्त दे. मग?’

मग एजंटाच्या बाजूचा एक म्हातारा, गावात ज्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं तो, उठला. त्यांच्या पार्लमेंटात जुना रिवाज आहे, की एका बाजूचा माणूस काही कारणाने मत देऊ शकत नसेल, तर दुसऱ्या बाजूच्याने सभ्यपणे आपलंही मत मागे ठेवायचं. तो म्हणाला, ‘या बाई चाळीस वर्षं या पक्षात आहेत. त्यांना इथे नारळाचा हिशेब द्यायला लागत असेल, तर मीही आज मत देत नाही.’ एजंट त्याच्याकडे बघतच राहिला. बाईंची बाजू तर ठरलेलीच नव्हती, त्याने मागे ठेवायचं काही कारण नव्हतं. पण म्हाताऱ्याने हात खाली घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसला. चार विरुद्ध तीन.

‘आणि एजंट? गेला तिकडे?’

‘नाही गेला. कोणाला घेऊन जाणार? शेवटी हात मिळवला माझ्याशी. त्याला मी उपनेता केलंय.’ ती हसली. तिचं ते हसू मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. ‘पुढच्या इलेक्शनला नवातले चार तरी उरतो का बघायचं. पण फुटलो नाही, ताई. आजच्या दिवशी तेवढं पुष्कळ झालं.’

‘मग आता राग गेला ना?’ मी विचारलं.

‘ताई, स्पीकर बंद कर.’

मी फोन घेऊन बाल्कनीत गेले. बाहेर भट्टीसारखं ऊन होतं.

‘मला तक्रारीचा राग आला होताच,’ ती म्हणाली. ‘पण तो दोन दिवसांत गेला. बाकीचे नऊ दिवस मी तो फोटो बघत होते. त्या बाईंच्या कपाळावर कुंकू. नऊ वर्षं झाली त्यांचा नवरा जाऊन. तुला माहीत होतं आणि तू त्यांची ओटी भरलीस. छान केलंस. पण ताई, पाच वर्षांत मी तुझ्याकडे तीनदा येऊन गेले. माझी नाही भरलीस.’

खोटं बोलता आलं असतं, तेही सुचलं नाही. तिन्ही वेळा ती निघताना मी काय केलं होतं ते मला लख्ख आठवलं. बाकरवडी, खजूर, चिवडा, मसाले, दोन-दोन पिशव्या तिच्या दोन्ही हातांत कोंबल्या होत्या. हात रिकामे राहिले असते तर करंडा आणावा लागला असता. तिला वाईट वाटेल म्हणून आणला नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे माझीच हिंमत झाली नव्हती. मी ऑफिसात लोकांना समान वागणुकीचं ट्रेनिंग देते, आणि घरात माझ्या सख्ख्या बहिणीला सवाष्णींच्या रांगेतून न बोलता बाजूला काढलं होतं. त्या बाईंच्या वेळी मात्र काही आड आलं नाही, कारण त्या परक्या. नियम फक्त आपल्या माणसांना लावायचे, अशी माझी अक्कल.

‘चुकले गं,’ मी म्हणाले. ‘फार चुकले.’

‘हो, चुकलीस,’ ती म्हणाली. ‘चल, मला सभेची मिनिट्स लिहायचीत. नारळाचं काय लिहू?’

‘परत मागून घे. माझा आहे.’

‘नाही देत त्या. लायब्ररीत ठेवलाय म्हणे, शोकेसमध्ये.’

ऑक्टोबरात शाळांच्या सुट्टीत ती चार दिवस आली. पक्षाचा विषय आम्ही मनसोक्त चघळला. एजंट आता दर बैठकीला वेळेवर येतो, म्हातारा अजून त्याच्याशी बोलत नाही. माझ्या साहेबांना तिने ऑफिसखाली कॉफीला भेटून सांगितलं की अजून फिनिश्ड झालो नाही, आणि ते बिचारे इतके खूश झाले की त्यांनी मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

निघायच्या दिवशी मी सकाळीच करामाला जाऊन नारळ आणला. ती दारात आली तेव्हा तिच्या हातात एकही पिशवी नव्हती. मी करंडा आणला. तिने जीन्सवरच्या ओढणीचा पदर केला आणि पुढे धरला. मी कुंकू लावायला लागले तशी ती म्हणाली, ‘नीट लाव, वाकडं लागतंय.’ तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण, नारळ. वर रुपया ठेवला.

‘फोटो काढ,’ ती मुलीला म्हणाली.

‘मावशी, आर यू शुअर?’

‘काढ. नाणं दिसलं पाहिजे.’

विमानतळावर पोचायच्या आधीच तिने तो वॉर्डच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, माझ्या ताईने माझी ओटी भरली. मी दोन दिवस ते पान परत परत उघडून बघत होते. त्या लायब्ररीच्या बाईंनी पहिला अंगठा दिला, दुसरा त्या एजंटाने. पुण्याहून दोन मावश्यांनी आणि एका आत्याने नुसती हृदयं पाठवली. तक्रार कोणीच केली नाही.